बादलीतले चार आठवडे

आमच्या क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात दोन फूट लांबीची एक काचेची टाकी आहे. तिच्या तळाशी धुतलेली वाळू आहे, वर स्वच्छ पाणी आहे आणि त्या पाण्यात हिरव्या वनस्पती डुलत आहेत. मासा मात्र एकही नाही. ऊर्जानगरात एका घरून दुसऱ्या घरी जायला निमित्त लागत नाही. त्यामुळे कुणी ना कुणी रोज येते, टाकीपाशी वाकून पाहते आणि विचारते, "अगं, मासे कुठे गेले?" आई म्हणते, "मासे नव्हतेच." मग पाहुण्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो तो सांगता येत नाही. रिकाम्या देव्हाऱ्याला कुणी नमस्कार करताना दिसावे, तसे ते आमच्याकडे पाहतात.

या रिकाम्या टाकीची एक गोष्ट आहे. ती फार मोठी नाही, आणि तीत माझ्या वाट्याला कौतुक तर मुळीच येत नाही. तरी सांगावीशी वाटते.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या धाकट्या भावाने ग्रंथालयातून प्राण्यांचे एक सचित्र पुस्तक आणले. सहावीतल्या मुलाला वाघाचे चित्र आवडावे. पण ताडोब्याच्या वाटेवर राहणाऱ्या आणि 'काल वसाहतीच्या कुंपणाशी बिबट्या दिसला' असल्या बातम्यांवर वाढणाऱ्या मुलांना वाघाचे अप्रूप ते काय! त्याचे मन बसले न्यूट नावाच्या एका चिमुकल्या प्राण्यावर. दिसायला सरड्यासारखा, पण कूळ बेडकाचे. चार पाय, चपटी शेपटी, ओली कातडी. मादी पाण्यातल्या वनस्पतीवर एकेक अंडे घालते आणि मागच्या पायांनी पान दुमडून ते अंडे पानात गुंडाळून ठेवते. पानाच्या विड्यात लवंग ठेवावी तसे! हे वाचून तो इतका हरखला की, "आपण न्यूट पाळू," हा एकच धोशा त्याने लावला.

मी मराठी वाङ्मयाची विद्यार्थिनी. न्यूट या शब्दाला मराठीत प्रतिशब्द काय, यापलीकडे माझी मजल जाईना. शेवटी त्याला घेऊन मी प्राणिशास्त्राच्या सरांकडे गेले. कलाशाखेची मुलगी आपल्या दारात पाहून सरांना प्रथम आश्चर्य वाटले असावे. पण त्यांनी धाकट्याला खुर्ची दिली आणि मोठ्या माणसाशी बोलावे तसे त्याच्याशी बोलले. न्यूट आपल्याकडे नाहीत, महाराष्ट्रात कुठेच नाहीत. भारतात ते आढळतात ते दार्जिलिंग, सिक्कीम आणि ईशान्येकडच्या डोंगरांत. दार्जिलिंग जिल्ह्यात जोरपोखरी येथे 1985 साली केवळ या प्राण्यासाठी एक छोटे अभयारण्य करण्यात आले. पावसाळा लागला की हे प्राणी डबक्यांकडे येतात आणि पाण्यातल्या गवताला अंडी चिकटवतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे, तेव्हा तिथला न्यूट पकडून पाळण्याचा विचारही करायचा नाही.

धाकट्याचा चेहरा पडला. तो पाहून सर म्हणाले, "अरे, पण शेपटीचा बेडूक तुझ्या दारात दर पावसाळ्यात येतो की! प्रत्येक बेडूक आयुष्यात काही दिवस न्यूटसारखाच असतो. पाय फुटलेले, शेपटी अजून गळायची आहे. ते दिवस बघ."

अशा रीतीने न्यूटची हौस भैकेरांवर भागवायचे ठरले. भैकेर हा शब्द पाठ्यपुस्तकातला. आपण साधेपणाने बेडकाची पिल्ले म्हणू. सरांनी अटी घातल्या. मोजकीच आणायची, लवकर आटणाऱ्या खड्ड्यातली आणायची आणि पाय फुटून शेपटी गळू लागली की जिथून आणली तिथेच नेऊन सोडायची. आणि टाकीत आधी वनस्पती हवी. वनस्पती म्हणजे शोभा नव्हे, असे त्यांनी दोनदा सांगितले. ती उजेडात पाण्यात प्राणवायू सोडते, पिल्लांच्या मलमूत्रातून तयार होणारा अमोनिया शोषून घेते, लपायला जागा देते आणि तिच्या पानांवर जे बारीक शेवाळ धरते ते पिल्लांचे अन्न. न्यूट असो वा बेडूक, त्याचे घर काचेचे नसते, वनस्पतीचे असते.

वनस्पती आणायची कुठून? माझ्या एका मैत्रिणीने जवळच्याच एका नाल्याचे नाव सुचवले. बाबांनी ऐकताच मान हलवली. बाबा औष्णिक केंद्रात पाणी शुद्ध करण्याच्या विभागात आहेत. ते म्हणाले, "राखेच्या तळ्याच्या बाजूने येणाऱ्या पाण्यातलं काही घरात आणायचं नाही." कारण विचारल्यावर त्यांनी समजावून सांगितले. दगडी कोळशाच्या राखेत आर्सेनिक, शिसे, क्रोमियम असले धातू थोड्या प्रमाणात असतात. पाण्यातल्या वनस्पती, मग ती जलपर्णी असो की हायड्रिला, असे धातू पाण्यातून ओढून आपल्या अंगात साठवतात. वर वर हिरवीगार दिसणारी फांदी आत काय घेऊन आली आहे, हे डोळ्यांना दिसत नाही आणि धुऊन जात नाही. म्हणून वनस्पती कशी धुवायची हा प्रश्न दुसरा, ती कोणत्या पाण्यात वाढली हा पहिला.

आमचे आजोळ मूल तालुक्यात. तिकडे भातशेती आणि भातशेतीच्या उशाला तलाव. गोंड राजांच्या काळापासून बांधत आलेले हे तलाव पुढे मालगुजारांच्या ताब्यात आले. 1950 नंतर मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. नाव मात्र 'माजी मालगुजारी' असे चिकटले, त्याचेच लोकांनी 'मामा तलाव' केले. मामाच्या गावी जाऊन मामा तलावातून वनस्पती आणायची, हा विनोद धाकट्याने एस.टी.त बसल्यापासून उतरेपर्यंत केला.

तलावावर एक म्हातारे ढिवर मामा जाळे वाळत घालत होते. आम्ही पाण्यात हात घालून गवत उपटतो आहोत हे पाहून त्यांनी विचारले, "हे कायले नेऊन राहिली गं बाई? गाईले घालाले?" धाकट्याने मोठ्या गंभीरपणे टाकीची सगळी हकिगत सांगितली. मामांनी ती तितक्याच गंभीरपणे ऐकली आणि म्हणाले, "नेताय तं न्या. पण झटकून न्या. या गवतात आमच्या तलावाचं अर्धं गाव राह्यते."

आम्ही हसलो. हायड्रिलाचे आणि लांब फितीसारख्या पानांच्या व्हॅलिस्नेरियाचे दोन जुडगे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणले आणि तसेच टाकीत सोडले. टाकीत तेव्हा चौदा पिल्ले होती. ती धाकट्याने वसाहतीच्या मैदानातल्या एका खड्ड्यातून आणली होती. हिरवळ पाहून ती अशी काही नाचली की आमचे श्रम सार्थकी लागले.

तिसऱ्या दिवशी पिल्ले तेरा झाली. पाचव्या दिवशी अकरा. आठवड्याच्या शेवटी नऊ. मेलेले एकही दिसेना. धाकटा रात्री टॉर्च घेऊन टाकीपाशी बसला आणि एकदम ओरडला. वनस्पतीच्या बुडाशी मातकट रंगाचा, सहा पायांचा एक किडा निवांत बसला होता. समोरून पिल्लू जाताच त्याच्या तोंडाखालून दुमडलेला हातासारखा एक अवयव विजेसारखा पुढे आला, आणि पिल्लू गेले.

तो चतुराचा बाळकिडा होता. पावसाळ्यानंतर पटांगणावर काचेच्या पंखांनी तरंगणारा, लहान मुले शेपटीला दोरा बांधतात तोच गरीब चतुर. त्याचे बालपण पाण्यात जाते आणि त्या बालपणात तो वाघ असतो. मग आम्ही सगळी वनस्पती बाहेर काढली. दोन जळवा निघाल्या, पाच-सहा गोगलगायी निघाल्या आणि पानांच्या पाठीवर चिकटलेले, डिंकाच्या थेंबासारखे गोगलगायीच्या अंड्यांचे पुंजके. ढिवर मामांचे 'अर्धं गाव' ते हेच. झटकून न्या म्हणाले होते, तर आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून आणले.

दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे. पण मी ताक फुंकले नाही, ते उकळायलाच घेतले.

आमचे मूळ गाव काटोलकडचे, संत्र्यांच्या मुलखातले. संत्र्याच्या झाडांवर बोर्डो मिश्रण फवारतात. त्यासाठी लागणाऱ्या मोरचुदाची एक पुडी, काकांनी कधीतरी आणलेली, आमच्या माळ्यावर पडून होती. मोरचुदाने गोगलगायी मरतात हे मी कुठेतरी ऐकले होते. निळ्याभोर खड्यांची ती पुडी पाहून मला वाटले, औषध घरात असताना कुणाला विचारायचे कशाला? धाकटा शाळेत गेला होता. मी बादलीत मोरचूद विरघळवले, वनस्पती त्यात अर्धा तास बुडवून ठेवली, दोनदा नळाखाली धुतली आणि टाकीत पुन्हा नीट रोवून ठेवली. पाणी इतके नितळ दिसत होते की मला माझेच कौतुक वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या नऊ पिल्ले तळाशी उताणी पडली होती.

धाकटा बराच वेळ काहीच बोलला नाही. मग त्याने विचारले, "ताई, काय झालं गं?" आणि मी म्हणाले, "उकाडा फार होता ना रात्री. पाणी तापलं असेल."

इथे मला थांबले पाहिजे. पिल्ले मेली ती माझ्या अज्ञानाने, आणि अज्ञानाला एक वेळ क्षमा आहे. पण हे वाक्य अज्ञानातून आले नव्हते. ताईला सगळे कळते असा विश्वास असलेल्या एका मुलाला मी उकाड्याचे कारण दिले, आणि त्याने ते घेतले. त्या दिवशी त्याने टाकी उचलून, उकाडा नको म्हणून, एकट्याने ओढत ओढत व्हरांड्याच्या सावलीच्या कोपऱ्यात नेली. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. मला मदत करायलाही जाववेना.

त्या रविवारी तो बाबांना म्हणाला, "बाबा, तुमच्याकडचं सगळ्यात शुद्ध पाणी आणाल का टाकीसाठी? मग पिल्लं मरणार नाहीत."

बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "आमच्याकडचं सगळ्यात शुद्ध पाणी म्हणजे डी.एम. पाणी. इरईचं पाणी आधी गाळतात, मग त्यातला एकेक क्षार काढून टाकतात. बॉयलरच्या नळ्यांत क्षाराचा थर बसू नये म्हणून. ते पाणी यंत्राला हवं. त्यात पिल्लू सोडलंस तर ते जगणार नाही."

"का? शुद्ध आहे ना?"

"म्हणूनच. पिल्लाच्या अंगात थोडं मीठ असतं. बाहेरच्या पाण्यात काहीच क्षार नसले की अंगातलं मीठ हळूहळू पाझरून जातं, आणि परत मिळवायला बाहेर काही नसतं. पाणी शुद्ध असणं वेगळं आणि जगण्यालायक असणं वेगळं, बेटा."

1983 साली या केंद्राचा पहिला संच सुरू झाला, तेव्हापासून हजारो माणसे इथे याच पाण्यावर संसार करीत आली आहेत. इरईच्या त्याच पाण्याचा एक भाग माणसांसाठी निराळा होतो आणि एक यंत्रांसाठी निराळा. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्यातला अर्थ मला त्या रविवारी लागला. मी टाकीतले पाणी बॉयलरचे करायला निघाले होते. तेही विष घालून.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले आणि सगळे सांगितले. मोरचुदाचे नाव ऐकताच त्यांनी डोळे मिटले. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. तांब्याच्या कलशातले पाणी आपण पवित्र मानतो, माणसाला ते चालते. पण कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या जीवाला विरघळलेले तांबे अत्यल्प प्रमाणातही घातक असते. ते कल्ल्यांवर घाला घालते आणि शरीरातले क्षार टिकेनासे होतात. म्हणजे बाबांनी सांगितले तेच, फक्त दुसऱ्या वाटेने. बेडूक आणि न्यूट यांची गोष्ट माशांहून नाजूक. माशाला खवले असतात. यांची कातडी उघडी आणि ओली, तिच्यातून ते पाणी घेतात, श्वासही घेतात. पाण्यात जे असेल ते थेट अंगात जाते. शिवाय वनस्पती आणि वाळू तांबे धरून ठेवतात, म्हणून दोनदा धुतले काय आणि दहादा धुतले काय!

"मग वनस्पती स्वच्छ करायची तरी कशी, सर?"

"घाई न करता," सर म्हणाले.

त्यांनी सांगितलेली रीत मी इथे मुद्दाम क्रमाने देते, कारण आमच्यासारखी टाकी ठेवणारे या महाविद्यालयात आणखी कुणी निघतील.

वनस्पती चांगल्या पाण्यातली घ्यावी. दुकानातली घेतली तर ती वाढवताना कीटकनाशक मारलेले असू शकते, हे लक्षात ठेवावे. तिच्या मुळांभोवतीचा कापसासारखा लगदा आणि बुडाला गुंडाळलेली शिशाची पट्टी आधी काढून टाकावी. मग पिवळी, कुजकी पाने खुडावीत. एका पांढऱ्या घमेल्यात पाणी घेऊन त्यात फांदी न् फांदी झटकावी. पांढऱ्या तळावर हलणारे सगळे दिसते. पानांच्या पाठी बोटांनी चाचपाव्यात, डिंकासारखा पुंजका लागला तर ते पानच काढून टाकावे. नळाचे पाणी असेल तर ते आधी दिवसभर उघड्या भांड्यात ठेवावे, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो.

माशांच्या टाकीसाठी काही जण यानंतर विहिरीत टाकायच्या लाल औषधाचा, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटचा उपयोग करतात. ते पाणी फिकट गुलाबी असावे, जांभळे नव्हे. वनस्पती त्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवून नंतर भरपूर धुवावी. हायड्रिलाची पाने कोवळी असतात, औषध जास्त झाले की तपकिरी पडतात. पण बेडूक-न्यूटसाठी सरांचा कल औषधाकडे नव्हता. त्यांचा भरवसा साध्या बादलीवर होता. धुतलेली वनस्पती बादलीत, उजेडाच्या जागी, चार आठवडे एकटी ठेवायची. तीन-चार दिवसांनी पाणी बदलायचे. पाण्याबरोबर कीटकनाशकाचा अंश असेल तर तोही हळूहळू निघून जातो. अंड्यांतून गोगलगायी बाहेर येतात, त्या हाताने वेचायच्या. चतुराचे बाळकिडे लहानाचे मोठे होतात आणि दिसू लागतात, ते चमच्याने काढायचे. जे सडायचे ते सडते, जे जगायचे ते नवी पालवी धरते. विषाने जे एका रात्रीत करायचे, ते काळाकडून चार आठवड्यांत करून घ्यायचे. फरक इतकाच की काळ वनस्पतीला मारत नाही आणि मागे काही ठेवून जात नाही.

"आणि एका डबक्याचं पाणी दुसऱ्या डबक्यात नेऊ नका," सरांनी बजावले. जगभर बेडकांच्या कित्येक जाती ज्या बुरशीने संपत चालल्या आहेत, तिची ओळख शास्त्रज्ञांना 1999 मध्ये पटली. 2013 मध्ये तिचीच एक बहीण नेदरलँड्समधल्या सॅलॅमँडरांवर सापडली. हौसेखातर आशियातून नेलेल्या प्राण्यांबरोबर ती तिकडे पोचली असावी, असे मानतात. ओले जाळे, ओली बादली, ओली वनस्पती, एवढे वाहन तिला पुरते. म्हणून हात धुवायचे, जाळी कडक उन्हात वाळवायची. चंद्रपूरचे ऊन एरवी शिव्या खाते, इथे मात्र ते उपकार करते.

घरी आल्यावर मी धाकट्याला खरे सांगितले. सांगताना मला वाटले तो रडेल किंवा आरडाओरडा करेल. त्याने फक्त विचारले, "आणि गोगलगायी?"

"त्याही मेल्या."

"मग तू उकाडा का म्हणालीस?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. तो चार-पाच दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलला. टाकी आम्ही दोघांनी मिळून रिकामी केली. वाळू फेकून दिली, काच घासली. ती वनस्पती नाल्यात न टाकता उन्हात वाळवून कचऱ्यात दिली. ही वाळवण्याची अटही सरांचीच. टाकीत काय येते याची काळजी सगळे करतात, टाकीतून काय बाहेर जाते याची कुणी करत नाही. जलपर्णी, जिला आपल्याकडे इकॉर्निया म्हणतात, तिचे उदाहरण त्यांनी दिले. मूळची दक्षिण अमेरिकेतली. जांभळ्या तुऱ्यांच्या मोहाने माणसांनी तिला देशोदेशी नेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमार्गे आपल्याकडे आली. कुणाच्या तरी बागेतल्या हौदातून ती बाहेर पडली असेल. पुढे काय झाले ते रामाळा तलावाकाठून जाणाऱ्याला निराळे सांगायला नको.

पुन्हा मूलला गेलो तेव्हा ऑगस्ट सरत आला होता. ढिवर मामा भेटले. मी त्यांना सगळे सांगितले, मोरचुदासकट. ते थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "पाण्याले घाई चालत नाही बाई. तलाव असो का तुमचा डब्बा असो." मग ते स्वतः गुडघाभर पाण्यात उतरले आणि एकेक फांदी झटकून आमच्या हाती देत गेले. पुढे मला वाचायला मिळाले की भंडारा-गोंदियाकडे मनीष राजनकर आणि त्यांच्यासोबत ढिवर समाजातले स्त्री-पुरुष यांनी तलावांतले बेशरम उपटून काढले आणि त्या जागी देशी पाणवनस्पती हाताने लावल्या. कारण त्या वनस्पती गेल्या की देशी मासळीही जाते. आम्ही दोन फुटांच्या टाकीत जे शिकत होतो, ते ही माणसे अख्ख्या तलावावर करीत होती. पाण्याचे शास्त्र त्यांना कुणी पुस्तकातून शिकवले नव्हते.

या वेळी वनस्पती बादलीत गेली. धाकट्याने बादलीवर कागद चिकटवून तारीख लिहिली आणि खाली चार आठवड्यांचे अठ्ठावीस चौकोन आखले. रोज शाळेतून आला की एक चौकोन खोडायचा. पहिल्या आठवड्यात सात गोगलगायी निघाल्या, दुसऱ्यात चार. तेराव्या दिवशी चतुराचा एक बाळकिडा सापडला, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा. आम्ही इतके झटकून, चाचपून, धुऊन आणले होते, तरी तो होताच! धाकट्याने त्याला चमच्यात घेऊन माझ्यासमोर धरले. "ताई, हा आत गेला असता," एवढेच म्हणाला. पण 'ताई' म्हणाला.

अठ्ठावीस दिवस झाले तेव्हा पावसाळा परतीला लागला होता. मैदानातल्या खड्ड्यात उशिराची थोडी पिल्ले होती. आम्ही पाचच आणली. पाचांपैकी एक कशाने कोण जाणे पण गेले. तेव्हा मी उकाड्याचे नाव घेतले नाही, "मला माहीत नाही," असे म्हणाले. उरलेल्या चारांना ऑक्टोबरात आधी मागचे पाय फुटले, मग पुढचे. सर म्हणाले होते तसे थोडे दिवस आमच्या घरात चार न्यूट होते. चार पाय आणि शेपटी. धाकटा अभ्यास सोडून टाकीपाशी बसे आणि आईही त्याला रागावत नसे. शेपट्या आखडू लागल्या तसे आम्ही त्यांना खड्ड्याच्या कडेच्या ओल्या गवतात नेऊन सोडले. चार उड्या, आणि गवत जसेच्या तसे.

तेव्हापासून टाकीत फक्त वनस्पती आहे. ती आता इतकी वाढली आहे की दर महिन्याला छाटावी लागते, आणि छाटलेली आम्ही वाळवून तुळशीच्या मातीत घालतो. येणारे विचारतात, मासे कुठे गेले?

परवा धाकट्याचा एक वर्गमित्र आला होता. त्याच्याकडे काचेच्या बरणीत गप्पी मासे आहेत, हिवतापाच्या डासांसाठी हौदात सोडतात तेच. त्याला वनस्पती हवी होती. धाकट्याने चांगल्या चार फांद्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि देता देता थांबला.

"थांब," तो मित्राला म्हणाला, "ही कशी धुवायची ते ताईला विचार. तिला माहीत आहे."

मी ओला हात पदराला पुसला आणि माळ्यावरून पांढरे घमेले काढायला गेले.